ड्रायर बंद पडला की येणारा चोथा: जालना जिल्ह्यातल्या एका दूध गटाचं प्रकरण

पार्श्वभूमी

२०२३ चा पावसाळा मराठवाड्यात कसा गेला हे इथल्या माणसाला सांगायला नको. ऑक्टोबर संपता संपता सरकारनं राज्यातले ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यातले पाच जालना जिल्ह्यातले. हे प्रकरण त्या पाचांपैकी एका तालुक्यातलं आहे. गावं, माणसं, कारखाना यांची नावं दिलेली नाहीत आणि ओळख लपावी म्हणून एकदोन तपशील बदलले आहेत. मी पशुवैद्य आहे. या गटाबरोबर दोन वर्षं होतो आणि खाली ज्या चुका लिहिल्यात त्यातली एक ठळक चूक माझी आहे.

तीन गावांतले ३६ दूध उत्पादक, प्रत्येकाच्या दावणीला चार-सहा संकरित गाई, मिळून १८० च्या आसपास दुभती जनावरं. दूध जातं संकलन केंद्रावर, ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) यांच्या हिशेबानं. दिवाळीपर्यंत कडबा अर्धा संपला होता, आणि सरकी पेंडीचं पोतं उचलताना माणूस दोनदा विचार करत होता.

या गावांपासून २२ किलोमीटरवर धान्यापासून इथेनॉल करणारी डिस्टिलरी आहे. इथं एक खुलासा करायला हवा, कारण गटाच्या पहिल्या बैठकीत अर्धा तास त्यातच गेला. आपल्याकडे डिस्टिलरी म्हटलं की साखर कारखान्याची आठवते. मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणारं काळं, पोटॅशनं भरलेलं पाणी आणि त्यानं नासलेल्या विहिरी. ते पाणी जनावराच्या गव्हाणीत नेण्यासारखं नाही. धान्याच्या डिस्टिलरीचं वेगळं आहे. मका किंवा तुकडा तांदूळ दळून, शिजवून, यीस्ट टाकून आंबवतात. त्यातला स्टार्च अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. ढोबळ हिशेब असा की धान्याचा एक तृतीयांश भाग अल्कोहोल होतो, एक तृतीयांश वायू होतो आणि एक तृतीयांश चोथा उरतो. त्यामुळे दाण्यात जे काही प्रोटीन, तेल, फॉस्फरस होतं ते चोथ्यात जवळजवळ तिप्पट दाट होतं. ही तिप्पट पुढे आपल्याला दुसऱ्या अंगानंही भेटणार आहे.

"गाय झिंगंल का?" हा प्रश्न अपेक्षित होता. अल्कोहोल उकळून काढलेलं असतं, तोच तर कारखान्याचा माल. पण गटातल्या एका माळकरी तात्यांचा आक्षेप वेगळा होता: दारूच्या भट्टीचं उष्टं गाईच्या तोंडी द्यायचं नाही. हे सगळं पेट्रोलमध्ये घालायला जातं, असं सचिवानं सांगितलं. तात्या म्हणाले, "मग ठीक. मोटारीनं प्यावं."

अडचण

कारखाना हा चोथा वाळवून डीडीजीएस म्हणून विकतो. कोरडा माल टिकतो, ट्रकनं लांबच्या पशुखाद्य कारखान्यांना जातो. मात्र ड्रायर बंद पडला की ओला चोथा साचतो आणि मग तो कोणालाही, मिळेल त्या भावात द्यायची कारखान्याची तयारी असते. गटाला तो पोहोच ४ रुपये किलोनं पडत होता. कारखान्यात साडेतीन आणि भाडं पन्नास पैसे.

चार रुपये ऐकून सगळे खूश झाले. पुढे मी आल्यावर एका गाडीतला किलोभर चोथा घरी तव्यावर मंद आचेवर वाळवून वजन केला. ३२० ग्रॅम उरले. म्हणजे १० टनांच्या गाडीत पावणेसात टन पाणी होतं आणि कोरड्या पदार्थाचा भाव साडेबारा रुपये किलो पडत होता. तरीही परवडत होतं. खरी अडचण वेळेची होती.

गाईला दिवसाला ६ किलो ओला चोथा म्हणजे १८० गाईंना रोज जवळजवळ ११०० किलो. १० टनांची गाडी नऊ दिवस पुरायला हवी. आणि उन्हाळ्याच्या तोंडावर हा चोथा जेमतेम तीन-चार दिवस टिकतो. चौथ्या दिवशी ढिगात हात घातला तर आत चटका बसावा इतकी ऊब, वर पांढरी बुरशी, तिच्या कडेला निळसर-हिरवे ठिपके. वासानं गाय मान वळवते. सहा टन माल उकिरड्यावर. पहिल्या तीन गाड्यांचं हेच झालं. चौथी गाडी सांगायचा निर्णय आला तेव्हा गटात भांडण झालं आणि त्यातून मला बोलावणं आलं.

दुसरी अडचण त्याहून चिवट होती: गाडी कधी येणार हे कोणालाच माहीत नसे. ड्रायर काही आपल्याला विचारून बंद पडत नाही. महिनाभर काही नाही, मग एका आठवड्यात दोन गाड्या.

समोर असलेले पर्याय

थोडा थोडा माल रोज आणायचा, हा सगळ्यात सरळ मार्ग. कारखाना १० टनांखाली भरायला तयार नव्हता आणि टेम्पोचं भाडं चोथ्याच्या किमतीवर जात होतं. तिथंच संपला.

उन्हात वाळवणं. एप्रिलचं जालन्याचं ऊन म्हणजे फुकटचा ड्रायर, असं एकजण म्हणाला. एका शेतातल्या खळ्यावर ताडपत्री टाकून केलंही. वरचा थर दुपारपर्यंत कडक होतो, खाली गिच्च राहतो. दर तासाला दाताळं मारावं लागतं, माश्या आणि वास वेगळाच. आणि पावसाळ्यात गाडी आली तर काय, याला उत्तर नव्हतं.

कोरडा डीडीजीएस विकत घेणं. तेव्हा तो १९ रुपये किलो होता. रोख, एकदम टनभर, आधी पैसे. दहा दिवसांनी दुधाचा पगार मिळणाऱ्या माणसाला ते कठीण होतं.

मग राहिले आंबवण्याचे दोन मार्ग. एक मुरघासाचा: हवा काढून, दाबून, बंद करून ठेवायचं. दुसरा बुरशीचा. एका कंपनीचा प्रतिनिधी गटाकडे आला होता. चोथा वाफवून त्यावर निवडक बुरशीचं बियाणं पेरायचं, तीन दिवसांत प्रोटीन ३० टक्क्यांवरून ४० वर. हातात प्रयोगशाळेचा कागद होता. गटानं दुसरा मार्ग निवडला.

पहिला निर्णय, आणि तो का चुकला

हा कागद मी पाहिला होता आणि मला शंका होती. मी ती बैठकीत नीट मांडली नाही. तरुण पोरं उत्साहात होती, मध्ये विघ्न कशाला, असं वाटलं. तेव्हा फळ्यावर करायला हवं होतं ते गणित आता इथं करतो.

१०० किलो कोरडा चोथा घ्या, त्यात ३० किलो प्रोटीन. बुरशी वाढते तशी ती उरलेली साखर-तंतू खाते आणि श्वासातून वायू म्हणून सोडून देते. समजा १५ किलो असे गेले. उरले ८५ किलो, प्रोटीन तेवढंच ३०. भागाकार केला की ३५ टक्के. प्रोटीन एक ग्रॅमनंही वाढलेलं नाही, १५ किलो माल मात्र हवेत गेला. आता बुरशीला नत्र हवा म्हणून २ किलो युरिया टाका. प्रयोगशाळा प्रोटीन मोजत नाही, नत्र मोजते आणि त्याला ६.२५ नं गुणते. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे २ किलो युरिया कागदावर पावणेसहा किलो प्रोटीन होऊन बसतो. ८७ किलोत पावणेछत्तीस: ४१ टक्के. झाले चाळीस.

हे खोटं आहे असं नाही. युरियातला नत्र बुरशी खरोखर आपल्या अंगात घेते, आणि कोंबडीसाठी त्याला अर्थ आहे, कारण कोंबडी युरिया पचवू शकत नाही. पण गाईच्या पोटात शंभर लिटरच्या वरची आंबवण्याची टाकी आधीच बसवलेली आहे. तिथले जंतू हेच काम वाफ, ट्रे आणि वीजबिल न लावता करतात. जे गाय स्वतः करते ते शेडमध्ये करायला आम्ही निघालो होतो.

प्रत्यक्षात काय झालं ते सांगतो. बुरशीला हवा लागते आणि वाढताना ती तापते, म्हणून थर ४ सेंटिमीटरचा ठेवा, असं सांगितलं होतं. ४ सेंटिमीटरनं टनभर चोथा पसरायचा तर ४५ चौरस मीटर ट्रे लागतात, आणि माल तीन दिवस ट्रेवर राहणार म्हणजे त्याच्या तिप्पट. शेड होतं दोन म्हशींच्या गोठ्याएवढं. साहजिकच पोरांनी थर जाड केला, वीतभर. दुसऱ्या दिवशी मध्ये थर्मामीटर खुपसला तर ४८ अंश. मधली बुरशी मेली, कडेला जी आली ती पिवळसर हिरवी.

माझी झोप उडाली ती इथं. पेरलेली बुरशी होती ॲस्परजिलस ओरायझी, जपानात शेकडो वर्षं अन्नात वापरलेली, निरुपद्रवी. तिची सख्खी चुलत बहीण ॲस्परजिलस फ्लेव्हस अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. दोघी दिसायला इतक्या सारख्या की नुसत्या डोळ्यांनी मीही खात्रीनं सांगू शकत नाही, गोठ्यातला माणूस कुठून सांगणार? नमुना पाठवला. अफ्लाटॉक्सिन बी-१ निघालं ३८ पीपीबी, म्हणजे अब्जात ३८ भाग. पशुखाद्याची मर्यादा २० आहे.

आता प्रश्न: हे विष आमच्या ट्रेवर तयार झालं की मक्याबरोबरच आलं होतं? वर म्हटलेली तिप्पट आठवा. पावसात भिजलेल्या मक्यात १२ पीपीबी असेल तर अल्कोहोल काढल्यावर चोथ्यात ते ३६ च्या घरात जातं. ऊर्ध्वपातनाच्या उष्णतेला ते दाद देत नाही, आणि आंबवूनही भरवशानं जात नाही. आम्ही आलेल्या गाडीचा नमुना ठेवलाच नव्हता. त्यामुळे उत्तर कधीच मिळालं नाही. दोन महिन्यांचं काम, ट्रे आणि बॉयलर मिळून ५२ हजार रुपये, आणि तो सगळा माल खड्ड्यात पुरला.

दुसरा प्रयत्न

जून २०२४ मध्ये मुरघासाच्या वाटेनं सुरुवात केली. इथं एक गोष्ट मला वाचून माहीत होती, पण हातानं कळली नव्हती. ताजा चोथा मुळातच आंबट असतो, पीएच ४ च्या आसपास. म्हणजे मक्याच्या मुरघासात जे आम्ल तयार होण्याची वाट पाहायची ते इथं आधीच आहे. तरी तो नासतो, कारण बुरशीला आणि रानटी यीस्टला आंबटाचं काही वाटत नाही, त्यांना हवा पुरते. तेव्हा काम एकच: हवा बाहेर ठेवणं.

आणि नुसता चोथा दाबताच येत नाही. खड्ड्यात ट्रॅक्टर घातला तर तो लापशीसारखा कडेनं वर येतो. म्हणून त्यात कोरडी कुट्टी मिसळली, १००० किलो चोथ्याला ३०० किलो. कडबा महाग म्हणून अर्धी कुट्टी सोयाबीनच्या भुसकटाची. तसं केल्यावर ओलावा ५५ टक्क्यांवर येतो, मुठीत दाबलं तर गोळा होतो पण बोटांतून पाणी गळत नाही. वर थोडं गुळाचं पाणी. एका थरात एका काकूंनी घरचं ताक ओतलं, दुसऱ्यात नाही. मला फरक सापडला नाही, काकूंना सापडला.

पहिला खड्डा काळ्या जमिनीत खणला होता. काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ताडपत्रीखालून पाणी आत आलं. २१ दिवसांनी उघडला तर मध्यभाग सुंदर, सोनेरी, आंबिलीचा वास. कडेचा हातभर थर काळा आणि चिकट. त्याच काकूंनी चिमूटभर हुंगून बाजूला टाकलं. "हे आंबलं नाही, हे कुजलंय." पुढे गटात चांगला-वाईट माल ठरवायची हीच कसोटी राहिली. पीएच पट्ट्यांचा डबा माझ्याकडे अजून अर्धा भरलेला आहे.

खड्ड्याचा खरा दोष मात्र कुजलेला थर नव्हता. पाच गाईंचा माणूस कुट्टी धरून दिवसाला ४० किलो काढतो. सहा टनांच्या खड्ड्याचं तोंड उघडं राहिलं की रोज ४० किलो काढण्याच्या वेगाआधी हवा आत सरकते. मालक पुढे, बुरशी मागे, असं होत नाही. बुरशी पुढे, मालक मागे. तेव्हा प्रश्न उलटा विचारला: एका दावणीचं चार दिवसांत संपेल असं भांडं कोणतं? चार दिवसांचे १६० किलो. दोनशे लिटरचा निळा प्लास्टिकचा ड्रम, पायानं तुडवून भरला की बरोबर तेवढा घेतो.

या प्रकरणात एखादा निर्णय मनापासून बरोबर होता असं म्हणायचं तर तो हा. ड्रम भंगारवाल्याकडे मिळतात. फक्त औषधाचे, रसायनाचे नकोत. ग्लुकोज किंवा फळांच्या रसाचे घ्यायचे. तळाशी कुट्टीचा थर, वर माल, शेवटी प्लास्टिकचा कागद, त्यावर मीठ आणि झाकणाला लोखंडी कडं. गाडी आली की गावात एका दुपारी चाळीस-पन्नास ड्रम भरले जातात. बायका घमेल्यानं टाकतात, पोरं आत उभी राहून तुडवतात, दिवाळीच्या चकलीच्या पिठासारखी चढाओढ असते. ड्रम बंद राहिला तर चार महिने काही होत नाही. म्हणजे गाडी कधी येईल ही अडचणही जवळजवळ निकालात निघाली.

आणि प्रत्येक गाडीचा अर्धा किलो नमुना, तारीख लिहून, एका सदस्याच्या डीप फ्रीझरमध्ये, मटारच्या शेजारी.

खाऊ घालताना

सुरुवात गाईमागे एक किलोनं, दहा-बारा दिवसांत सहापर्यंत. दोघा भावांना वाटलं सहानं भागतं तर पंधरानं दूध जास्त निघेल. दूध वाढलं नाही, फॅट ३.६ वरून ३.१ वर आली, आणि केंद्रानं भाव कापला. मक्याच्या चोथ्यात तेल बरंच असतं, जास्त झालं की पोटातल्या तंतू पचवणाऱ्या जंतूंना ते जड जातं. आणखी एक: धार काढण्याआधी दिला तर दुधाला आंबूस वास येतो. धार काढून झाल्यावर द्या, हे तीनदा सांगावं लागलं.

फॉस्फरसचं मी सांगितलं होतं, पण गाईंपुरतं. चोथ्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरतं, म्हणून रोज खनिज मिश्रण आणि चुनखडी पावडर. शेळ्यांचा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. एकानं बकरी ईदसाठी वाढवलेल्या दोन खच्ची केलेल्या उस्मानाबादी बोकडांना मनसोक्त चोथा घातला. एके सकाळी एक बोकड पाठ कमानीसारखी करून, शेपूट हलवत, लघवीला जोर देत उभा. मूतखड्यानं वाट बंद. त्याला वाचवता आलं नाही. दुसऱ्याचा चोथा बंद करून भरपूर पाणी आणि औषधं दिली, तो ईदपर्यंत राहिला. बोकडाचे पैसे गटानं दिले. देऊ नयेत असं काहींचं मत होतं. सांगणारा मी होतो आणि मी अर्धंच सांगितलं होतं, म्हणून अर्धे मी दिले.

निकाल

दूध वाढलं का, हा पहिला प्रश्न येतो. नाही. तेवढंच राहिलं, पेंड मात्र गाईमागे दीड किलोनं कमी झाली.

चोथा ४ रुपये, गूळ, मजुरी आणि ड्रमची झीज ८० पैसे. कोरड्या पदार्थाचा भाव १५ रुपये, आणि ८ टक्के नासाडी धरली की १६ रुपये ३० पैसे. तेव्हाचा कोरडा डीडीजीएस त्याच हिशेबानं २१ रुपयांवर होता. पाच गाईंच्या दावणीमागे दिवसाला ४५ रुपयांच्या आसपास वाचले. कुट्टीचा खर्च धरलेला नाही, कारण ती एरवीही खाऊ घालावी लागतेच.

ऑगस्ट २०२४ मध्ये संकलन केंद्रावर झटपट पट्टीच्या चाचणीत गटाचं दूध अफ्लाटॉक्सिन एम-१ साठी अडलं. खाद्यातल्या बी-१ चं दुधात उतरणारं रूप ते हेच. दुधातली मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. यावेळी फ्रीझर कामाला आला: कोणत्या गाडीचा माल ते दोन दिवसांत कळलं, तेवढे २६ ड्रम बाजूला काढले, चार दिवसांत दूध पुन्हा स्वच्छ झालं. विष देणं थांबवलं की दुधातून ते लवकर जातं, एवढी गाईची कृपा. कारखान्यानं त्या गाडीचे पैसे परत केले नाहीत. ओला माल "जसा आहे तसा" घ्यायचा, असं पावतीवर छापलेलं होतं आणि ते आमच्यापैकी कोणी वाचलं नव्हतं.

मग २०२५ उजाडलं. देशभर धान्याच्या डिस्टिलऱ्या वाढल्या, पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल झालं, आणि डीडीजीएसचा पूर आला. आमच्या भागात कोरडा माल साडेचौदा रुपयांवर आला, म्हणजे कोरड्या पदार्थाला १६ रुपये १० पैसे. ड्रममधल्या मालापेक्षा वीस पैशांनी स्वस्त, आणि तुडवायला नको. त्याच पुरानं सोयापेंडीची मागणी खाल्ली. २०२४-२५ चा सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये होता आणि गटातल्या बहुतेकांनी आपलं सोयाबीन त्याच्या बरंच खाली घातलं. गोठ्यात वाचलेलं मोंढ्यात गेलं. याचा हिशेब मी मांडून दाखवला तेव्हा कोणी काही बोललं नाही.

आज पुन्हा करायचं तर

बुरशीचा प्रयोग करणार नाही. निदान पाच किलोवर करून मग शेड बांधू. तव्यावरची ओलाव्याची मोजणी पहिल्या गाडीच्या आधी होईल, आणि भाव टनाला नाही तर कोरड्या पदार्थाला ठरवू. ६८ टक्के पाण्याची गाडी आणि ७४ टक्के पाण्याची गाडी एकाच भावात घेणं हा निव्वळ मूर्खपणा आम्ही वर्षभर केला. अफ्लाटॉक्सिनची झटपट पट्टी गाडी रिकामी करण्याआधी लावू, आणि पावती वाचू. पावसाळी मक्याची गाडी आणि तांदळाची गाडी यात निवड असेल तर तांदळाची.

एका गोष्टीवर माझं आणि सचिवाचं अजून जुळत नाही. त्याचं म्हणणं, कारखान्याशी वर्षाचा करार करून नेमानं माल घ्यायला हवा होता. मला वाटतं नेमानं माल घेतला असता तर स्वस्त मिळाला नसता. आम्हाला भाव मिळाला तो कारखान्याच्या अडचणीचा होता.

सध्या ३६ पैकी ११ जण ड्रम भरतात. हे सगळे कमी गाईंचे, ज्यांच्याकडे टनभर कोरडा माल एकदम घ्यायला रोख नसते असे. बाकीच्यांचे ड्रम पाणी साठवायला गेले. बॉयलर भंगारात विकला, ४ हजार आले. कारखान्याचा गेटवरचा माणूस अजूनही रात्री-बेरात्री सचिवाला फोन करतो, "ड्रायर बसलाय, गाडी धाडू का?" आणि सचिव आधी विचारतो, मका की तांदूळ.